जेवता हात आणि उजवं इंजिन

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही.

माझ्या ओळखीच्या कुणी हे वाक्य वाचलं तर तो आधी पोट धरून हसेल. कारण विमानाची गोष्ट ज्याला मी सांगितली नाही असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल. बोरी अरबच्या बसथांब्यावर बसणाऱ्या म्हशींनासुद्धा ती पाठ आहे. बाभुळगावच्या कटिंगच्या दुकानात सांगितली तेव्हा विमानाचं एक इंजिन बंद होतं. महागावच्या बाजारात सोयाबीनच्या पोत्यावर बसून सांगितली तेव्हा दोन्ही बंद झाली. दारव्ह्याच्या एका लग्नात पंगत उठायला उशीर होता, ऐकणारी माणसं जमली होती, म्हणून मी उजवा पंखही अर्धा पाडून टाकला. एकानं विचारलं, "अर्ध्या पंखावर विमान उडते कसं बाप्पा?" मी म्हटलं, "म्हणून तर पायलट लागते."

ती गोष्ट सांगितली. ही नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच विमानात घडल्या, दोन्हींत मीच आहे. आणि तरीही — पण थांबा. असं एकदम नाही जमायचं मला. जरा फिरून येऊ द्या.

मी पायलट आहे. एवढं खरं आहे. लहान जेट उडवणाऱ्या एका कंपनीत आहे — श्रीमंत लोक ज्याला बिझनेस जेट म्हणतात आणि आमच्या गावात ज्याला 'शेठची जीप' म्हणतात, ते. दोन इंजिनं, शेपटीजवळ दोन बाजूंना. पुढे दोन पायलट. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे मी, म्हणजे को-पायलट. गावात मला कॅप्टनसाहेब म्हणतात आणि मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. तो गुन्हा इथे मोजत नाही. आज मोठा काढायचाय.

आधी हाताचं सांगतो. तुम्ही म्हणाल, इंजिनाचं सोडून हा हात कुठे घेऊन बसला? — सगळं हातातच आहे हो.

मी जन्माचा डावरा. लहानपणी ताटावर डावा हात गेला की माय भाकर उलटायचा सराटा त्यावर ठेवायची. मारायची नाही, नुसता ठेवायची — पण तो तव्यावरून आलेला असायचा. "डावा हात काढ बे! जेवता हात टाक!" आमच्याकडे रस्ता सांगतानासुद्धा माणसं डावं-उजवं कमीच म्हणतात. जेवत्या हाताले वळा, म्हणतात. म्हणजे उजवीकडे. मी डावं-उजवं शिकलो ते असं, सराट्याच्या शाळेत. त्यामुळे आजही कोणी 'उजवं' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी ताट येतं, मग जेवणारा हात, मग दिशा. पापणी लवायच्या आत होतं हे. पायलटची सगळी परीक्षा मी त्या ताटावर पास झालो. कोणाला कधी कळलं नाही, आणि माझी दिशा कधी चुकली नाही — कारण चारचौघांत मी कायम उजव्या हातानंच जेवलो.

चारचौघांत. एकटा असलो की मात्र खरा हात बाहेर येतो. तुमचं नाही होत असं?

दिवस थंडीचे होते, कापूस वेचणीचे. यवतमाळात एका मोठ्या घरचं लग्न होतं, आणि नवरीचे मामा, मामी, मामाची म्हातारी आई आणि एक मेहुणा अशा चौघांना मुंबईहून थेट यवतमाळच्या धावपट्टीवर आणून सोडायचं होतं. विमान माझ्याच जिल्ह्यात उतरणार! मी गप्प बसेन? आठ दिवस आधीपासून फोन सुरू. "येऊन पाहा, म्या विमान घेऊन येऊन राह्यलो." बोरी अरबहून दोन काळीपिवळ्या गच्च भरून निघाल्या. माझा थोरला भाऊ — दादा — हार घेऊन पुढच्या सीटवर.

बायकोनं पहाटे उठून डबा दिला होता. ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बायको बाभुळगावची. तिचा ठेचा असा की विमानात डबा उघडला तर वरचे ऑक्सिजनचे मास्क आपोआप खाली पडावेत.

कॅप्टन होत्या वैजयंती मॅडम. साताऱ्याकडच्या. उंचीला माझ्या खांद्यापर्यंत, चष्मा सतत नाकावर घसरलेला, आणि बोलणं इतकं मोजकं की त्यांच्याबरोबर दोन तास उडालं तर माझंच बोलणं मला ऐकू यायला लागायचं. विमान त्या चालवत होत्या. मला एवढंच म्हणाल्या, "वाशीमच्या आधी डबा बंद कर." मी हो म्हटलं.

वाशीम मागे पडलं. मी भाकर खातच होतो. खाली कापसाची वावरं पांढरी फुटलेली, आणि मी खिडकीला नाक लावून माझं गाव शोधत होतो. कोण बघतंय? मॅडम समोर बघतायत, माय पाच मैल खाली. मी खुशाल डाव्या हातानं जेवत होतो.

खाली उतरता उतरता कंट्रोलनं आम्हाला मध्येच एका उंचीवर थांबायला सांगितलं होतं, म्हणून दोन्ही इंजिनं जोर लावून होती. आणि मागून आवाज आला — भरलेली ट्रॉली खड्ड्यात आपटावी तसा. लगेच सगळं विमान थरथरायला लागलं. डबा मांडीवर नाचायला लागला.

इथे माझं काम काय, ते नीट सांगतो. चालवणाऱ्यानं विमान धरून ठेवायचं. दुसऱ्यानं, म्हणजे मी, समोरचे काटे बघून कुठलं इंजिन बिघडलं ते सांगायचं. मग त्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवायचा, नाव घ्यायचं, आणि थांबायचं. चालवणाऱ्यानं स्वतः बघून 'हो' म्हटलं, तरच ओढायचं. हे 'थांबायचं' आहे ना, ते आम्हाला इतक्या वेळा शिकवतात की झोपेतही माणूस थांबेल.

मी काट्यांकडे बघितलं. दोन रांगा. उजव्या रांगेत तेलाचा दाब धाडकन खाली, ताप वर. डाव्या रांगेत सगळं शांत. मला स्पष्ट दिसलं — हे विसरू नका, मला स्पष्ट दिसलं. मनात आलं, जेवत्या हाताचं गेलं. डोळ्यांपुढे ताट आलं. ताटावर हात आला. भाकर कुठल्या हातात होती?

"लेफ्ट!" मी ओरडलो.

आणि थांबलो नाही. ठेच्यानं माखलेला डावा हात मी डाव्या लिव्हरवर टाकला आणि ओढायला सुरुवात केली. धडधाकट इंजिन होतं ते. आता आम्हा सहाजणांना हवेत धरून ठेवणारं तेवढंच उरलं होतं, आणि मी ते विझवत होतो.

आता आलं लक्षात, गोष्ट कुठे निघाली?

एक हात आला आणि माझ्या हातावर बसला. झडप नाही, किंकाळी नाही. माय सराटा ठेवायची ना, तसा ठेवला. लिव्हर जागच्या जागी थांबली.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "डाव्या पायानं पेडल दाबून धरलंय, म्हणून नाक सरळ आहे. म्हणजे मेलंय ते उजवं. हात काढ. परत बघ, हळू वाच."

मी परत बघितलं. हळू वाचलं. उजवं. उजव्या लिव्हरवर हात ठेवला, नाव घेतलं, थांबलो. त्या म्हणाल्या, "हो." उजवं इंजिन बंद झालं, आणि विमानाची थरथर अशी थांबली की मागून मामाच्या आईचं, त्या आजीबाईंचं, घोरणं ऐकू आलं. त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत. माझ्या गोष्टीत त्या हात जोडून देवाचा धावा करतात आणि मी त्यांना धीर देतो. बिलकुल नाही. घोरत होत्या.

इथून पुढे जे झालं ते मला आजही उभं राहून सांगावंसं वाटतं. सर्वांत जवळची धावपट्टी यवतमाळचीच होती, समोरच. हवा स्वच्छ. मॅडमनी एका वाक्यात कंट्रोलला कळवलं, एका वाक्यात पाहुण्यांना सांगितलं की एक इंजिन बंद केलंय, दुसरं छान चाललंय, पट्टे आवळा. मग उजव्या हातानं — ज्या हातानं माझा हात धरला होता, त्याच — घसरलेला चष्मा वर केला आणि डोळा चोळला.

"आई गं!"

वैजयंती मॅडमच्या तोंडून एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. डोळा घट्ट मिटलेला, पाण्याची धार.

"काय खात होतास रे?"

"ठेचा, मॅडम."

"कसला?"

"हिरवा. बायको बाभुळगावची आहे, मॅडम."

एवढ्यातही त्या हसल्या. खरंच हसल्या. "बरं. उजवा डोळा गेला माझा. तू आकडे वाच. मोठ्यानं. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

मी वाचले. वेग, उंची, वेग, उंची. मायशपथ, आयुष्यात पहिल्यांदा मी आकडे न फुगवता सांगत होतो. एकशे तीसला एकशे तीस म्हणत होतो. बोरी अरब कधी आलं आणि कधी गेलं, मी बघितलंसुद्धा नाही. एक इंजिन बंद, एक डोळा बंद, आणि त्या इवल्याशा बाई डावा पाय रोवून, चष्मा तिरका, गालावरून पाणी ओघळतंय — पण नाक धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून इकडचं तिकडे झालं नाही. कापसाची वावरं वर आली, झाडं आली, पांढरे पट्टे आले. मी शेवटची उंची वाचली. चाकं टेकली ती अशी, की आजीबाई तेव्हाही उठल्या नाहीत. विमान रेषेवरूनच सरळ धावत जाऊन उभं राहिलं. मी बघितलंय ते. इतक्या जवळून दुसऱ्या कोणीच बघितलं नाही. अर्धा पंख कशाला पाडायचा हो त्याच्यावर? होतं तेच केवढं होतं!

"थांब," मॅडम म्हणाल्या. तेव्हा मला कळलं, मी उभ्या विमानात अजून आकडे वाचत होतो. शून्य, शून्य, शून्य.

बाहेर जत्रा. लग्नाचा बँड पाहुण्यांच्या स्वागताला सकाळपासून उभाच होता. शहरातून आगीची गाडी घंटा वाजवत आली, आणि तिच्यामागे अर्धं यवतमाळ. बँडवाल्यांना वाटलं, एवढी गर्दी आपल्यासाठीच — त्यांनी जोर लावला. मी दार उघडलं, पाहुण्यांना उतरवलं, मग मी उतरलो, आणि दोन काळीपिवळ्यांतलं सगळं बोरी अरब माझ्यावर तुटून पडलं. "आला रे आपला पोट्टा!" खांद्यावर घेतला. दादानं हार घातला. ढोल, ताशे, शिट्ट्या. तोवर मी काहीही बोललो नव्हतो बरं का. तोवर मी निर्दोष होतो.

तेवढ्यात मॅडम पायऱ्या उतरल्या. डोळे लाल, नाक लाल, हातरुमाल ओला. खाली येऊन बाटलीतल्या पाण्यानं डोळा धुवायला लागल्या.

दादानं विचारलं, "अबे, मॅडम रडून काहून राह्यल्या?"

ठेचा लागला — एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मग ठेचा कसा लागला, ते आलं. मग हात आला. मग कोणाचा हात, कुठे, ते आलं. मी खांद्यावर होतो. खालून सगळी तोंडं वर बघत होती. तुम्ही कधी माणसांच्या खांद्यावर बसलात? तिथून खाली उतरणं विमान उतरवण्यापेक्षा कठीण असतं.

मी म्हटलं, "घाबरल्या बिचाऱ्या. चुकीच्या इंजिनावर हात गेलता त्यायचा. म्या धरला."

झालं. हेच ते. हात खरा कोणाचा होता, हेच आजवर सांगितलं नव्हतं.

त्या वाक्यातला सर्वांत वाईट शब्द कोणता, माहीत आहे? — 'बिचाऱ्या'. बाकीचं खोटं होतं. तो शब्द मी वरून घातला, चवीला.

मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. ऐकलं त्यांनी. उघड्या डोळ्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, बाटलीचं झाकण लावलं, आणि इंजिनाकडे गेल्या. दुपारी गाडीनं परत निघताना माझ्या हातात डबा दिला. "राहिला होता," म्हणाल्या. डबा धुतलेला होता. बाकी एक शब्द नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

कंपनीच्या कागदावर मी खरं लिहिलं. मोठेपणा समजू नका — कॉकपिटमधला सगळा आवाज टेपवर असतो. मला पुन्हा शिकायला पाठवलं, त्याला मी गावात 'स्पेशल कोर्स' म्हटलं, आणि गावानं त्याचाही सत्कार केला. शाल आहे अजून. मॅडमच्या कागदावर काय होतं ते मला पुढे बघायला मिळालं. जे झालं ते होतं, माझी चूकही होती. आणि शेवटी एक ओळ — उतरताना को-पायलटनं आकडे अचूक आणि न थांबता वाचले, त्याची मोठी मदत झाली. त्या दिवशी मी खरंच केलेलं एकमेव चांगलं काम. माझ्या कुठल्याही गोष्टीत ते नाही. मला ते फार छोटं वाटायचं.

इथे थांबलो असतो तर हसून सोडलं असतं तुम्ही. पण दादाला मुलगी आहे, मयुरी. बारावी झाली. भौतिकशास्त्रात माझ्यापेक्षा शंभर पटीनं हुशार — आणि हे फुगवलेलं नाही. या दिवाळीत पंगत बसली असताना ती म्हणाली, "बाबा, मले पायलट व्हायचं आहे."

दादानं माझ्याकडे बोट केलं. "तुह्या काकालेच विचार. वेळ आली की बाईमाणसाचा हात कुठं जाते, त्यानं डोळ्यानं पाह्यलं. कप्तान होती, तरी रडली. तुले नाही पाठवत मी."

मयुरीनं माझ्याकडे बघितलं. वाट बघत होती. सगळं गाव म्हणतं काका बोलायला लागला की थांबत नाही. मी तेव्हा जेवत होतो. उजव्या हातानं. सगळ्यांदेखत, नीट, एक घास, दुसरा घास — आणि गप्प बसलो. लिव्हर ओढताना थांबायचं होतं तिथे थांबलो नाही. बोलायचं होतं तिथे मात्र बरोबर थांबलो. ती ताट घेऊन उठली आणि आत गेली.

विमानातली ती चूक घाईत झाली होती. त्या पंगतीत घाई नव्हती. वेळ भरपूर होता.

म्हणून हे लिहिलंय, आणि डाव्या हातानं लिहिलंय. छापून आलं की पहिला अंक बोरी अरबला जाईल, दादाच्या नावानं, आणि दुसरा मयुरीच्या नावानं, वेगळा. बाभुळगावच्या कटिंगच्या दुकानात हे मोठ्यानं वाचतील, महागावच्या बाजारात वाचतील. वाचू देत. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ती गोष्ट ऐकली, त्या सगळ्यांनी ऐका. पंख दोन्ही जागेवर होते. आजीबाई घोरत होत्या. कॅप्टन घाबरल्या नव्हत्या, क्षणभरही नाही. त्यांच्या एका डोळ्यात माझा ठेचा होता, आणि उरलेल्या एका डोळ्यानं त्यांनी सहा माणसं रेषेच्या मधोमध उतरवली.

चुकीच्या लिव्हरवरचा हात माझा होता. धरला त्यांनी.